शीन-काफ आणि स्पीकर

घरासाठी अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घ्यायचे ठरले. दुकानदाराने आपली नेहमीची तबकडी लावली. काच फुटते, ढोल घुमतात, विमान डोक्यावरून जाते. ऐकणारा दबकतोच. पण ती काच मुळात कशी फुटली होती, हे आम्हाला कुठे ठाऊक? जे मूळ आपल्या कानात नाही, त्याची नक्कल बरोबर की चूक हे कसे सांगणार?

म्हणून आम्ही दोघे आपल्या ओळखीची ध्वनिमुद्रणे घेऊन गेलो होतो. सोबत अब्बाही होते.

पहिल्या बेगम अख्तर. 1974 साली त्या गेल्या, पण वरच्या सुरावर क्षणभर फाटणारा त्यांचा आवाज अजून रसिकांच्या कानात आहे. त्या फाटण्याला 'पत्ती' म्हणतात. काही स्पीकर ती पत्ती गुळगुळीत करून टाकतात. ऐकायला गोड लागते, पण मग त्या बेगमसाहिबा राहत नाहीत. शिवाय आम्ही पडलो उर्दू शिकवणारे. मुलांचे शीन-काफ दुरुस्त करण्यातच दिवस जातो. 'कलम'मधला क़ाफ घशातून येतो, 'किताब'मधला काफ त्याच्या पुढून. गजलेत हा फरक कळला नाही, तर स्पीकरचे मधले स्वर कच्चे. सीन आणि शीन शिट्टीसारखे टोचू लागले, तर वरचे स्वर फाजील उठवलेले. दुकानातली सर्वांत महाग जोडी नेमकी अशीच टोचत होती.

दुसरे अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब 1937 साली वारले. त्यांच्या जुन्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. खरखर असणारच, ती सोसावी. ही मोनो ध्वनिमुद्रणे असल्याने आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यातून यायला हवा. तो पसरट वाटला तर आधी तारा पाहाव्यात. एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट लागल्या की मधला गवई गायब होतो.

खाँसाहेबांच्याच मिरजेत मुसलमान कारागिरांची घराणी पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडवत आली आहेत. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. गाणे सुरू होण्याआधीचा नुसता तंबोरा लावून ऐकावा. चांगल्या स्पीकरवर प्रत्येक तार छेडल्यावर उलगडत जाते. वाईटावर डास गुणगुणतो.

दोन जोड्या ताडून पाहताना आवाज सारखाच ठेवावा. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस भासतो. दुकानदार मंडळी हे जाणून असतात.

पण अब्बांना ती टोचणारी जोडीच पसंत पडली. वयाने बारीक स्वर त्यांना कमी ऐकू येतात; तिथे बेगमसाहिबांचे शब्द त्यांना स्पष्ट लागले. आमच्या पसंतीच्या जोडीवर ते नुसती मान हलवत राहिले. घरात सर्वांत जास्त ऐकणारे तेच.

शेवटी जोडी आमच्या पसंतीची घेतली आणि अॅम्प्लिफायर ट्रेबलचे बटण असलेला. शौकीन लोक असल्या बटणांना नाक मुरडतात, मुरडोत. असरची नमाज पढून अब्बा खुर्चीत बसले की बटण दोन खुणा उजवीकडे. ते उठले की पुन्हा मध्यावर.