शिकवणारं विमान

तंजावरच्या आकाशातून सुखोई गर्जत गेलं की बृहदीश्वराच्या शिखरावरचे राघू भर्रकन उडतात आणि मला एक संथ, पंख्याचं विमान आठवतं: एचटी-२. इथल्या हवाई तळावर जानेवारी २०२०मध्ये 'टायगरशार्क्स' स्क्वाड्रनची सुखोई आली, त्याचा अभिमान आहेच. पण आपल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या आधी एचटी-२वर शिकल्या. आणि ते आखलं गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूच्या विष्णू माधव घाटग्यांनी.

घाटगे जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले, १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. तंजावरात हे आठवलं की इथले मराठा राजे सरफोजी डोळ्यांपुढं येतात. त्यांनाही श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं शिकवलं होतं. राजांनी ती विद्या सरस्वती महालात ग्रंथांच्या रूपानं साठवली, आणि १८०३मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. घाटग्यांचं नाव मात्र आज किती मराठी घरांत निघतं?

वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. तिथून १९४१ साली उडालेलं पहिलं विमान, हार्लो, हेही शिकाऊंसाठीचंच होतं. पण सुटे भाग अमेरिकेचे, आपण नुसती जोडणी केलेली. एचटी-२ची आखणी मात्र इथलीच. ऑगस्ट १९५१मध्ये जमशेद मुन्शींनी पहिला नमुना उडवला. इंजिन तेवढं विलायती. पुढं कारखान्यातून बाहेर पडलेल्या विमानांना १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर बसवलं.

एचटी-२चं तिसरं चाक शेपटीखाली. त्यामुळं जमिनीवर नाक वर, समोरचं काही दिसत नाही. शिकाऊनं नागमोडी वळणं घेत, कधी डावीकडून कधी उजवीकडून डोकावत पुढं सरकायचं. उतरताना पाय जरा ढिला पडला की विमान गर्रकन फिरायला बघतं. आसनं एकामागे एक, दांडा दोघांपाशी. गुरूचा हात दिसत नाही, दांड्यातून कळतो. शिकाऊच्या विमानानं फार सांभाळून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. जमिनीवरच पाय जागे राहायला शिकले, तर वर गेल्यावर ते विसरत नाहीत.

घाटग्यांनी पुढं 'किरण' हे शिकाऊंचं जेटही आखलं. एचटी-२ दीडशेहून जास्त तयार झाली. त्यांतली १२ घानाच्या नव्या हवाईदलानं घेतली, आणि हसूरचंपूच्या माणसाच्या आखणीवर आफ्रिकेतली पोरं उडायला शिकली.