पडदा सांधला, अक्षर यायचे आहे

शेणव्याच्या सप्ताहात पारायणाला बसणाऱ्यांत मी बरीच वर्षे आहे. गेल्या चैत्रात उजव्या डोळ्याने ओवीची ओळ मधेच वाकडी दिसू लागली. ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच नाहीसे व्हायचे. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ गळलेला, बाजूची अक्षरे जागच्या जागी. सगळे म्हणाले, मोतीबिंदू असेल. ठाण्याला तपासल्यावर कळले, पडद्याच्या अगदी मध्यावर छिद्र आहे.

वयानुसार डोळ्यातला पारदर्शक गर आकसतो, पडद्यापासून सुटताना मधला भाग ओढतो आणि बारीकसे भोक पडते. साठीपुढे, त्यातही बायांना जास्त. पापाचा किंवा पोथी फार वाचल्याचा यात संबंध नाही. मुद्दाम लिहिते, कारण तसे सांगणारे बरेच भेटले.

पूर्वी यावर उपाय नाही असेच मानत. १९९१ साली अमेरिकेतल्या केली आणि वेंडेल या डॉक्टरांनी ५२ डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची हकीकत छापली. छिद्र बुजले ३० डोळ्यांत. पण तक्त्यावर दोन ओळी किंवा अधिक नजर सुधारली ती त्यातल्या २२ डोळ्यांची. आता बहुतेकांचे छिद्र बुजते. बुजणे आणि दिसणे यांतले अंतर मात्र राहिलेच आहे.

शस्त्रक्रियेत तो गर काढतात, पडद्यावरची पातळ साय सोलतात आणि डोळ्यात वायूचा फुगा सोडतात. फुगा वर चढतो, म्हणून मान खाली घालायची, म्हणजे तो पडद्याला आतून टेकून राहतो. मी पाच दिवस पालथी होते. हरिपाठ मुखोद्गत होता, म्हणून ते दिवस गेले.

खरे कठीण पुढेच होते. वायू असेपर्यंत उंच घाट चढायचा नाही. वर हवेचा दाब कमी होतो, वायू फुगतो, डोळ्यातला ताण वाढून नजर जाऊ शकते. आमची वाट माळशेजची. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघाली. आमच्या बाया तुळशी घेऊन आधीच घाट चढल्या होत्या आणि मी ओट्यावर. रडले, लपवत नाही.

फुगा विरल्यावर छिद्र बुजलेले दिसले. मग एका यंत्रापुढे बसवले. मधल्या खुणेवर नजर ठेवायची, बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचे. पडद्याचा कोणता ठिपका किती मंद उजेड ओळखतो, ते त्यातून कळते. कडेचे मंद दिवेही दिसले. मधले मात्र प्रखर तेवढेच. डॉक्टर म्हणाले, तिथल्या पेशी सावरायला महिने लागतात, कधी वर्षही. कार्तिकात पुन्हा मोजले तेव्हा मधले काही मंद दिवे दिसले. एका बाजूचे अजून नाहीत.

रोज डावा डोळा झाकून मी एकच ओवी पाहते. काना सरळ दिसतो, वेलांटी अजून डुलते. माउलींनो, तुम्हीही एकेक डोळा झाकून पाहत जा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो, आणि छिद्र लहान, नवे असतानाच नजर परतण्याची आशा जास्त.

या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना येतो तसा माझ्याही त्याच डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला आहे. तो आषाढीच्या आधी काढायचे ठरले आहे.