नांद्रुकाची जुडी

पुणे,
जूनअखेर

चि. सोनू,


कोवळ्या फांद्या एकत्र बांधून जाड बुंध्याचं बॉन्साय करायचं म्हणतेस, पण हा खोटेपणा तर नाही ना, असंही विचारतेस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

खोटेपणा मुळीच नाही. वड आणि नांद्रुक ही झाडं जात्याच एकमेकांत मिसळणारी. दोन पारंब्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की मधली पातळ साल झिजते, तिच्याखालचा वाढीचा ओलसर थर, म्हणजे कॅम्बियम, दुसरीच्या थराला भिडतो आणि पुढचं लाकूड दोघींना मिळून तयार होतं. पनामातल्या विळखा घालून वाढणाऱ्या 14 वृक्षांची जनुकीय तपासणी 1991 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली होती. त्यांतले बहुतेक वृक्ष एका बीचे नव्हतेच. एकाच आधारावर रुजलेल्या वेगवेगळ्या रोपांची मुळं जुळून एक बुंधा झाला होता. रानात हे आपसूक होतं, तेच आपण कुंडीत घडवून आणायचं.

तू नांद्रुकच घे. पान लहान, साल पातळ, छाटणी सोसणारा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सात-आठ काड्या पुरेत, पण सगळ्या एकाच झाडाच्या हव्यात. वेगळ्या झाडांच्या काड्या जुळतील, पण एकीचं पान मोठं, दुसरीचं बारीक, एक भराभर फुगणार, दुसरी मागे राहणार. असा बुंधा कायम ठिगळाचा दिसतो. आईझाड एक असलं की साल, रंग आणि वाढीचा वेग सारखाच येतो.

तुझ्याकडे नागपूरला पाऊस नीट लागला की काड्या काप. कापताक्षणी पांढऱ्या चिकाचे थेंब येतील. ते पाण्यात धुऊन टाक, चीक थांबू दे, खालची पानं काढ आणि जाड वाळूत थोडं कोकोपीट मिसळून काड्या सावलीत लाव. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. नवी पालवी आली म्हणजे मुळं आलीच असं धरू नकोस. काडीतल्या साठ्यावरही पालवी फुटते. हलकेच ओढल्यावर काडी मातीला धरून राहिली, तरच पुढचं काम.

मग जुडी बांधायची. सरळ आणि जाड काड्या मध्ये घे, बारीक आणि किंचित वाकड्या बाहेर. बाहेरच्या काही मुद्दाम आखूड ठेव, म्हणजे बुंधा खाली रुंद आणि वर निमुळता होईल. जिथे दोन काड्या टेकतात तिथली साल खरवडली तर जोड लवकर धरतो, पण नांद्रुकाला नुसता दाबही पुरतो. मुळं चहूबाजूंना पसरून खाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेव, म्हणजे ती आडवी जातील. बांधायला तार नको, ती सालीत रुतते. कलमाची टेप किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेप झाड जोडत नाही. ती काड्यांना फक्त जवळ ठेवते, जोडते ती वाढ. काडी जाड होते, शेजारणीवर रेलते, तेव्हाच सांधा धरतो. म्हणून पहिली दोन वर्षं एकही शेंडा खुडू नकोस. बॉन्सायचा आकार आत्ताच दिसावा म्हणून हात शिवशिवेल, पण जिचा शेंडा छाटशील ती काडी जाड होणं थांबेल आणि नेमकी तिथेच फट राहील. जुडी मोठ्या कुंडीत, शक्य असेल तर जमिनीत लाव आणि बेबंद वाढू दे. वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी टेप तपास. तिच्या काठावर साल ओठासारखी फुगलेली दिसली की त्याच दिवशी सोड आणि थोडी वर-खाली सरकवून पुन्हा बांध. एखादी फट राहिलीच, तर त्याच झाडाची बारीक मुळं धरलेली काडी तिथे सारून दे. मे महिन्यातल्या तिकडच्या उन्हात वर हिरवी जाळी टाक. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खतही नको आणि छाटणीही नको.

जोड धरला हे कसं ओळखायचं? एक काडी वरून हलकेच हलव. शेजारची तिच्याबरोबर हलली आणि मधली रेघ उघडली नाही, तर सांधा पक्का. साधारण दोन पावसाळ्यांत हे होतं. सालीवरच्या उभ्या रेघा मात्र आणखी काही वर्षं दिसत राहतील. त्या बुजवायला काही चोपडू नकोस. वडाचा जुना बुंधा पाहा, त्यावरही अशाच घळी असतात. सांधा पक्का झाल्यावरच एक शेंडा मुख्य धर, बाकीचे वेगवेगळ्या उंचीवर काप, त्यांतून फांद्या काढ. उथळ कुंडीचा विचार चार-पाच वर्षांनी.

हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं, म्हणून 1925 साली काढून टाकावं लागलं. तो वड आजही पारंब्यांवर उभा आहे. या कुळाच्या जोमावर एवढा भरवसा ठेवायला हरकत नाही. काड्यांसाठी आईझाड याच आठवड्यात शोध, निरोगी आणि लहान पानाचं बघून घे, आणि पहिली दोन वर्षं कात्री कपाटात ठेव.

तुझी,
आत्या