कासवाचं बिऱ्हाड

माणसानं काय पाळावं याबद्दल माझी मतं फार मर्यादित आहेत. बँकेत वीस वर्षं काढल्यावर माणूस वेळ पाळतो, पथ्य पाळतो, साहेबांची मर्जी पाळतो. जनावर पाळण्याइतका जोर अंगात उरत नाही. आमच्या विसरवाडीत लोक गाई-शेळ्या पाळतात, पण त्या दूध देतात, निदान लेंड्या तरी देतात. नुसतं बसून राहणारं, काही न देणारं आणि वर मालकापेक्षा जास्त जगणारं जनावर पाळणारा इसम आमच्या घराण्यात निपजेल असं वाटलं नव्हतं. तो निपजला. माझा भाचा. राहणार फिनिक्स, ॲरिझोना, अमेरिका.

एका डिसेंबरात सकाळी साडेआठला त्याचा फोन आला. आपली सकाळ ती त्यांची रात्र. साडेबारा तासांचा फरक. मी अंघोळीच्या पाण्याची वाट बघत शाल गुंडाळून बसलो होतो. कोंडाईबारीच्या घाटाकडून येणारा वारा त्या दिवसांत कानशिलं सोलून काढतो.

"मामा," तो कुजबुजत म्हणाला, "कासवासाठी हीटरवालं घर बांधतोय. आईला सांगू नका."

मी आधी कासव म्हणजे पितळी समजलो. आपल्याकडे हल्ली तेच पाळतात. वास्तुशास्त्रवाल्यानं सांगितलं की ताटलीत पाणी, पाण्यात कासव, कासवाचं तोंड अमुक दिशेला. त्याला थंडी वाजत नाही. जिवंत पाळायची सोयच नाही. आपलं अंगावर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव तर शतकानुशतकं उघड्या फरशीवर बसून आहे. प्रत्यक्ष विष्णूनं कूर्मावतार घेऊन मंदार पर्वत पाठीवर तोलला, पण समुद्राचं पाणी गार लागतंय का, असं एकाही देवानं वा दानवानं विचारल्याची नोंद नाही.

भाच्याचं कासव मात्र आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं. त्याला सुलकाटा म्हणतात. विकतात तेव्हा तळहातावर मावतं, म्हणून लोक हौसेनं घेतात. मग ते वाढतं. वाढतच राहतं. पन्नास किलोचं होतं, कधी त्याच्याही पुढे जातं, बागेत बोगदे खणतं आणि सत्तर-ऐंशी वर्षं सहज काढतं. मग हौशी मालक ते आश्रमात सोडून येतात. तसलंच एक बेचाळीस किलोचं टाकून दिलेलं कासव आमच्या चिरंजीवांनी घरी आणलं होतं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो नॉमिनीचा. नॉमिनी कासवाला लागत नाही, मालकाला लागतो.

"अरे पण फिनिक्स म्हणजे भट्टी ना? उन्हाळ्यात ४५च्या वर जातो म्हणतोस."

"थंडीत रात्री पाचपर्यंत उतरतो, मामा. आणि हे झोपी जाणारं कासव नाही. काही जातीची कासवं हिवाळाभर झोपून काढतात, हे बाराही महिने जागं. रक्त थंड, त्यामुळे बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. गारठ्यात ओल लागली तर न्यूमोनिया. रात्री ८० अंश ठेवावे लागतात."

"ऐंशी?" मी ओरडलो. "पाळायचंय की शिजवायचंय?"

"फॅरनहाइट आहेत ते. सत्तावीस होतात आपले," मागून आवाज आला. अक्का अंघोळीचं पाणी तापल्याचं सांगायला आली होती. "कुणाला लागतात ऐंशी?"

आता अक्काला का सांगायचं नव्हतं, ते सांगतो. अक्का नवापूरला दिली होती. तिथे तिची पोल्ट्री होती. तालुका कोंबड्यांवर उभा होता तेव्हा. एक दिवसाची पिलं पेटीतून यायची आणि पुढचे पंधरा दिवस अक्का नवऱ्याला ओळखायची नाही. भाताच्या तुसावर वर्तमानपत्र, भोवती पत्र्याचं रिंगण, वर टोपल्यासारखं झाकण आणि त्यात बल्ब. पहिल्या आठवड्यात ९५, मग दर आठवड्याला पाच-पाच उतरवायचे. पण अक्काचा भरवसा थर्मामीटरपेक्षा पिलांवर. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय, विखरून बसली तर झोपायला जा.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात असल्याचं जाहीर झालं. अक्काच्या शेडमधला एकही पक्षी आजारी नव्हता, पण शेड हद्दीत येत होती. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, खड्डा खणला. भाचा तेव्हा बारावीत होता, तो खिडकीत उभा होता. भावजी गेल्यावर अक्का आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि शेडमधला थर्मामीटर घेऊन. तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आणि त्यानंतर तिनं मांजरसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. कोंबड्यांचा विषय घरात निघत नसे. निघाला तर ती भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी.

तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "दाखव," म्हणाली.

भाच्यानं गुपचूप लाकडी खोकं दाखवलं. आठ बाय चार. प्लायवूडचा ताव विसरवाडीत आणि फिनिक्सला एकाच मापाचा असतो. छताला मोठा तांबडा बल्ब टांगलेला.

"तो काढ आधी," अक्का म्हणाली. "पिल्लू एवढंसं असतं, सगळं उबेत बसतं. हे ढेकूळ बल्बच्या टोकाशी पाठ लावणार. पाठ भाजेल आणि पोट गारठेल. आणि त्याला बोंबलता येत नाही."

मला वाटलं, अक्का कोंबड्यांचं शास्त्र कासवाला लावतेय. पण भाचा गप्प झाला. तिथल्या कासववाल्यांनीही त्याला अगदी हेच बजावलं होतं.

मग जे सुरू झालं त्याला मी फक्त मोबाइल धरणारा हात होतो. छत खाली उतरव, ऊब वर जाऊन बसते. भिंती दुहेरी कर, मधे थर्माकोल घाल. जमिनीतून गारवा येतो, खालीही घाल. बल्बऐवजी तेलाचा हीटर एका कडेला आणि त्याला आडवी फळी, नाहीतर हा रणगाडा त्यालाच ढकलेल. थंड झालं की आपोआप चालू आणि गरम झालं की बंद होईल असं यंत्र लाव. दाराला गोणपाट. अमेरिकेत गोणपाट मिळेना, तेव्हा शीतगृहाच्या दाराला असतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या ठरल्या. एकूण खर्च सहाशे डॉलर. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि शाल घट्ट ओढली. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी मी राहत होतो ती खोली याहून फार मोठी नव्हती आणि तिच्या दाराला पट्ट्याही नव्हत्या.

कासवी पिलांना नुसत्या नजरेनं पोसते, असं आपल्या संतांनी म्हटलं आहे. खरी कासवी अंडी मातीत पुरून जी जाते ती मागं वळून बघत नाही. नजरेनं पोसायचं काम अक्का करू लागली, माझ्या मोबाइलवरून, माझ्या डेटा पॅकवर.

घर झालं, पण गृहस्थ आत जाईना. बागेच्या कोपऱ्यात, भिंतीला डोकं लावून झोपायची त्याची सवय. भाचा आणि सूनबाई रोज संध्याकाळी बेचाळीस किलो ढकलत आत नेत. आमच्या शाखेत नव्या कॅशियरला पहिल्यांदा पिंजऱ्यात बसवतात तेव्हा तोही असाच दारात पाय रोवतो. पंधरा दिवसांनी ते आपणहून जाऊ लागलं.

खोक्यातलं तापमान माझ्या मोबाइलवर दिसायची सोय भाच्यानं केली. अक्काचा मोबाइल बटणांचा. त्यामुळे रोज संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिथल्या पहाटे पाचला, रात्रीच्या सर्वांत गार वेळी, तिचा मला बँकेत फोन येतो. नेमकी रोकड जुळवायची वेळ. मी म्हणतो "एकोणऐंशी" आणि ती फोन ठेवते. शिपायाला वाटतं मी आकडा लावतो.

परवा मी बघून "एकाहत्तर" म्हणालो.

"त्याला उठव."

"अक्का, पहाटेचे पाच वाजलेत तिथे."

"पिलं काय ऑफिसच्या वेळात गारठतात? उठव."

मी उठवला. तो टॉर्च घेऊन बागेत गेला. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून उशिरा आल्यानं त्यानं दार नीट बघितलं नव्हतं. कासव उंबऱ्यावरच झोपलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर, पाठीवर प्लास्टिकच्या पट्ट्या पांघरून. सहाशे डॉलरची ऊब रात्रभर ॲरिझोनाच्या आभाळात चालली होती. मागून ढकलल्याचे धापा टाकणारे आवाज मला काउंटरवर ऐकू आले.

दुसऱ्या फोनवर अक्का होतीच. "गेलं का आत?"

"गेलं."

"मागचे पाय चाचपून बघायला सांग. आणि आकडा वर चढेपर्यंत फोन ठेवू नकोस."

बहात्तर. त्र्याहत्तर. मी एका कानाला अक्का, दुसऱ्या कानाला फिनिक्स लावून बसलो. समोर शंभराच्या नोटांची थप्पी होती. ती कुठपर्यंत मोजली होती ते साफ विसरलो होतो, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली.