वेष्टनांचें वाचन

प्रत्येक माणसाला कसला ना कसला छंद असतो. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी निवडणुकींत पडलेल्या उमेदवारांचीं नांवें पाठ करून ठेवतो. माझा छंद याहून निरुपद्रवी आणि कदाचित् याहून हास्यास्पद आहे. मी वेष्टनें वाचतों. बाजारांतून आलेला जिन्नस डब्यांत ओतला गेला, कीं त्याचें रिकामें पुडकें, पिशवी किंवा खोकें प्रथम माझ्या हातीं येतें आणि मग पुढच्या प्रवासाला निघतें. आंतल्या मालाची चिकित्सा करण्याचा अधिकार आमच्या घरीं सौभाग्यवतीकडे आहे. बाहेरचें कवच तेवढें निर्विवादपणें माझ्या वांट्याला आलेलें आहे. "साप निघून गेल्यावर हे त्याची कात वाचीत बसतात," असा माझा गौरव ती पाहुण्यांपुढें करते. परंतु कातेवरून सापाची जात ओळखतां येते, ही गोष्ट ती विसरते.

आमच्या लहानपणीं वेष्टनांची जात ओळखण्याचें कारणच पडत नसे. वाण्याच्या दुकानांत वर्तमानपत्राच्या तुकड्यावर डाळ पडे, कागदाला चार घड्या बसत आणि वर टांगलेल्या गुंडीतून खालीं आलेला दोरा त्या पुडीभोवतीं दोन वेढे घेई. घरीं आल्यावर दोरा सोडून गुंडाळून ठेवावयाचा, कागद हातानें साफ करून फळीवर अंथरावयाचा, आणि अंथरण्यापूर्वीं त्यावरची बातमी वाचावयाची, असा क्रम असे. खुनाचा खटला ऐन रंगांत यावा आणि नेमका तेथेंच कागद फाटलेला असावा, असें किती वेळां झालें असेल! फुलें पानाच्या पुड्यांत येत आणि गोडेंतेल आपल्याच बरणींत. वेष्टन आणि माल यांचा संबंध पाहुणा आणि यजमान यांच्यासारखा होता. वेळ झाली, कीं दोघे सुखानें एकमेकांचा निरोप घेत. अर्थात् जुनें तें सारें सोनें, असें मला म्हणावयाचें नाहीं. त्या डाळींत खडे असत, पावसाळ्यांत बिस्किटें मऊ पडत, तेलाला खवट वास येई, आणि छापखान्याची शाई पोह्यांना लागे ती निराळीच.

आजचें वेष्टन मोठें विद्वान आहे. त्याच्या अंगावर इतका मजकूर असतो, कीं चहाचा एक पेला संपेपर्यंत तो पुरावा. पण त्यांतला सर्वांत महत्त्वाचा मजकूर बहुधा तळाशीं, भिंगाशिवाय दिसणार नाहीं इतका बारीक असतो. तो म्हणजे एक त्रिकोण आणि त्याच्या पोटांतला एक आंकडा. एकामागून एक धांवणाऱ्या तीन बाणांचा हा त्रिकोण गॅरी अँडरसन नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें १९७० सालीं एका स्पर्धेसाठीं काढला. पुढें १९८८ सालीं तेथील प्लास्टिकच्या धंदेवाल्यांनीं तशाच बाणांच्या त्रिकोणांत १ पासून ७ पर्यंत आंकडे घातले. त्यामुळें लोकांचा असा समज झाला, कीं त्रिकोण दिसला म्हणजे ती वस्तु पुन्हां उपयोगांत येणारच. वस्तुतः तो आंकडा असलें कोणतेंहि आश्वासन देत नाहीं. तो फक्त त्या वस्तूचें गोत्र सांगतो.

होय, प्लास्टिकचीं सात गोत्रें आहेत. पहिलें पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्यांचें. दुसरें शांपूच्या जाड, अपारदर्शक बाटल्यांचें. तिसरें नळांचें. चौथें दुधाच्या मऊ पिशव्यांचें. पांचवें उपाहारगृहांतून येणाऱ्या आमटीभाजीच्या डब्यांचें, सहावें थर्माकोलचें. आणि सातवें 'इतर' मंडळींचें. ज्याला आपलें गोत्र ठाऊक नाहीं त्यानें काश्यप सांगावें, असा आपल्याकडे परिपाठ आहे. प्लास्टिकांतलें काश्यप गोत्र म्हणजे हें सातवें. माणसांत सगोत्र विवाह निषिद्ध मानीत. येथें नियम अगदीं उलटा आहे. एका गोत्राचें प्लास्टिक स्वतःच्याच गोत्रांत वितळून एकजीव होतें. पहिल्या गोत्राची बाटली सुमारें २५० अंशांवर वितळते. तेवढ्या उष्णतेंत नळाचा एखादा तुकडा चुकून सांपडला, तर तो नीट वितळत नाहीं. त्याचें विघटन होऊन आम्लाची वाफ सुटते आणि सबंध घाणा नासतो. एवढें एक सूत्र ध्यानांत धरलें, म्हणजे घरांतला कचरा निराळा कां ठेवावयाचा, याचें अर्धें उत्तर हातीं आलें.

हीं गोत्रें ओळखण्यासाठीं आमच्या घरीं रविवारीं सकाळीं प्रयोगशाळा भरते. माझी आठ वर्षांची नात हिची मुख्य शास्त्रज्ञ आणि मी तिचा मदतनीस. एका पातेल्यांत पाणी घ्यावयाचें आणि पाण्याच्या बाटलीचा एक कपटा व तिच्याच झांकणाचा एक कपटा त्यांत सोडावयाचा. झांकणाचा तुकडा तरंगतो. बाटलीचा बुडवून सोडला, कीं तळ गांठतो. जन्मभर एकमेकांना घट्ट धरून राहिलेलीं हीं दोघें निराळ्या कुळांतलीं होतीं, हें पाहून तिला पहिल्या दिवशीं फार नवल वाटलें. कारखान्यांतहि मोठ्या हौदांत हाच प्रयोग करून त्यांची ताटातूट करतात. दुसरा प्रयोग चुरगाळण्याचा. चकाकणारा कागद मुठींत घट्ट दाबून सोडावा. तो तसाच गोळा होऊन राहिला, तर खरा अल्युमिनियमचा पत्रा. फुलून पुन्हां पसरला, तर तें धातूचा मुलामा चढविलेलें प्लास्टिक. तिसरा प्रयोग दुकानाच्या बिलाचा. त्यावर नखानें जोरांत रेघ ओढली आणि ती काळी उमटली, तर तो उष्णतेनें रंगणारा कागद आहे असें समजून त्याला रद्दींतून बाद करावयाचें. चौथ्या प्रयोगांत चहाचा 'कागदी' पेला रात्रभर पाण्यांत भिजत घालतात. सकाळीं त्याच्या पोटांतून प्लास्टिकचा पातळसा पापुद्रा हातीं येतो आणि त्याच्या कागदीपणाचें बिंग फुटतें.

एकदां तिनें बटाट्याच्या काचऱ्यांची रिकामी पिशवी पुढें केली आणि विचारलें, "आजोबा, ही कोण?"

प्रश्न अवघड होता. ती पिशवी एक नसते. बाहेर छपाईसाठीं एक थर, आंत चिकटविण्यासाठीं दुसरा, आणि मध्यें केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि पातळ असा धातूचा मुलामा. उजेड, हवा आणि दमट या तिघांनाहि बाहेर ठोकून ठेवण्याचें काम ती चोख बजावते; तिच्यामुळेंच काचऱ्या महिनोन्महिने कुरकुरीत राहतात. पण हे थर एकमेकांना इतके घट्ट चिकटविलेले असतात, कीं त्यांना सोडविणें जवळजवळ कोणाच्याच आटोक्यांतलें नाहीं.

पुनर्जन्माची कल्पना आपल्याला नवी नाहीं. तिच्या भाषेंत हा विषय फार सोपा होतो. काच पुनःपुन्हां वितळवावी, तिचा गुण कमी होत नाहीं; तिला जन्मांची मोजदाद नाहीं. अल्युमिनियमचें तसेंच, शिवाय खाणींतल्या मातीपासून तें नव्यानें काढावयाला जेवढी शक्ति खर्चावी लागते, तींतली सुमारें ९५ टक्के जुना डबा वितळविल्यानें वांचते. कागदाचे जन्म मोजके. प्रत्येक खेपेला त्याचा तंतु आंखूड होत जातो आणि पांच-सात फेऱ्यांनंतर तो थकतो. दुधाचें किंवा फळांच्या रसाचें खोकें सुमारें तीन चतुर्थांश कागदाचें असतें; तें पाण्यांत घुसळून कागदाचा लगदा निराळा काढतां येतो आणि उरलेल्या प्लास्टिक-धातूच्या पापुद्र्याचे दाबून तक्ते करतात. काचऱ्यांच्या पिशवीची गति मात्र त्रिशंकूची. तिला पुन्हां जन्म नाहीं आणि मातीला मिळून मोक्षहि नाहीं. नातीला मी तेंच उत्तर दिलें. त्रिशंकूची कथा तिला ठाऊक होती, ती कांहीं वेळ पिशवीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण हिला वर कोणीं पाठवलं?" विश्वामित्राचें नांव सांगून मीं वेळ मारून नेली. पिशवीचा विश्वामित्र कोण, हें सांगावयाचें राहूनच गेलें.

हें सारें शास्त्र मला पुस्तकांतून थोडें आणि दारांतून अधिक मिळालें. आम्ही पुण्याला राहतों. येथें १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांनीं आपली संघटना स्थापिली आणि तिचें नांव ठेवलें कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कचऱ्याचें वर्गीकरण एखाद्या संस्थेनें आपल्या नांवांतच करून ठेवल्याचें हें उदाहरण विरळाच. तिच्याच प्रयत्नांतून पुढें 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि उकिरड्यावर वांकून वेंचणाऱ्या बायका महानगरपालिकेशीं झालेल्या करारानें घरोघर येऊं लागल्या. त्यांना घरपट्टीतून पगार मिळत नाहीं. घराघरांतून ठरलेलें मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यांतून निवडलेला माल विकून आलेले पैसे, हीच त्यांची मिळकत.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना त्रिकोण पाहावा लागत नाहीं. त्या पिशवी बोटांत धरून किंचित् चुरगाळतात आणि आवाजावरून तिचें गोत्र सांगतात. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर ती एका पोत्यांत, आंबलेली असेल तर दुसरीकडे. पिशवीचा कोपरा कापून वेगळा पाडूं नये, चीर देऊन तसाच लटकता ठेवावा, हें आम्हांला त्यांनींच शिकविलें. तो सुटा कपटा कोणाच्याच पोत्यांत सांपडत नाहीं, थेट गटारांत जातो. काचऱ्यांची पिशवी दाखविली तेव्हां त्या म्हणाल्या, "काका, हे वजनाला नाही आणि मोलालाही नाही. दिवसभर वेचलं तरी मूठभर." आमच्या सर्व प्रयोगशाळेचें सार त्या एका वाक्यांत होतें.

गेल्या पावसाळ्यांत त्यांच्या तळहाताला पट्टी बांधलेली दिसली. कोणा घरीं पेला फुटला होता आणि त्याच्या कांचा भाजीच्या देंठांत घालून पिशवीला गांठ मारलेली होती. चार दिवसांचा खाडा झाला, आणि त्या चार दिवसांचें भंगार दुसरीकडे गेलें. ज्या घरांतून ती पिशवी आली तेथें कोणी दुष्ट माणसें राहत असतील, असें मला वाटत नाहीं. पेला फुटल्यावर मुलांच्या पायांना लागूं नये म्हणून त्यांनीं सारी फरशी दोनदां पुसून घेतली असेल. केवळ कचऱ्याच्या पिशवीच्या पलीकडे एक हात आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीं आली नाहीं. आपल्या भाषेंतलें 'टाकणें' हें क्रियापदच असें आहे, कीं तें उच्चारतांच वस्तु नाहींशी झाल्यासारखी वाटते. ती नाहींशी होत नाहीं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत जाऊन पडला. मुंबईचा देवनारला १९२७ सालापासून पडत आला, आणि ओलें-सुकें एकत्र कुजून तयार होणाऱ्या वायूचें भय काय असतें, तें जानेवारी १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, जानेवारी २०१६ मध्यें तेथें लागलेल्या आगीच्या धुरानें सगळ्या शहराला दाखविलें.

निवडून ठेवणें हें कांहीं आपल्याला परकें शास्त्र नाहीं. खरकटें निराळें, चुलींतली राख भांड्यांसाठीं निराळी, निर्माल्य निराळें, केरसुणीखालचा केर निराळा, हा भेद आपल्या आजीच्या स्वयंपाकघरांत डोळे मिटून पाळला जाई. त्यांतलें माणसामाणसांतलें सोवळें-ओवळें गेलें तें बरेंच झालें. वस्तूंचें तेवढें ठेवण्यासारखें होतें. २०१६ सालच्या सरकारी नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करावयाला सांगितलें, तेव्हां तें आजीच्या शिस्तीलाच आलेलें कायद्याचें रूप होतें.

त्याच सालच्या प्लास्टिकविषयक नियमांत आणखी एक कलम होतें. ज्यांचा पुनर्वापर होऊं शकत नाहीं अशीं अनेक थरांचीं वेष्टनें दोन वर्षांत बंद करावींत, असें तें सांगत होतें. दोन वर्षें भरलीं आणि २०१८ सालीं कलमाला दुरुस्ती आली. जें जाळून उष्णता मिळते किंवा ज्याचा दुसरा कांहीं उपयोग होतो, तें या बंदींतून सुटलें. आतां जाळून उष्णता मिळत नाहीं असें प्लास्टिक शोधून काढणें कठीणच आहे. तेव्हां त्रिशंकु होता तेथेंच राहिला, आणि नातीच्या प्रश्नाचें खरें उत्तर या दुरुस्तींत कोठेंतरी आहे असें मला वाटतें. घरोघर कितीहि निवडलें, तरी न सुटणारी गांठ निवडून सुटत नाहीं. ती मारणाऱ्यालाच तिचा जाब विचारला पाहिजे.

तो जाब विचारण्याची माझी रीत अगदीं साधी आहे. दुकानांत कोणताहि जिन्नस हातांत घेतला, कीं मी तो उलटा करतों, भिंग काढतों आणि हें सुटेल का, असें दुकानदाराला विचारतों. तो पहिल्यानें किंमतीविषयीं बोलूं लागतो, मग माझ्याकडे संशयानें पाहतो. सौभाग्यवती अशा वेळीं दोन पावलें दूर जाऊन उभी राहते. परंतु परवां मला असें दिसलें, कीं दोन पावलें दूर उभी राहून तीहि एका बरणीचा तळ पाहत होती.