हरल्याचा कागद

कागदावर आमची श्रद्धा आहे, आणि ती का असू नये? ज्याच्या आयुष्याची निम्मी वर्षे टिपणे लिहिण्यात, मसुद्यांवर शेरे मारण्यात आणि आवक-जावक नोंदवहीच्या सहवासात गेली, त्याने तोंडच्या शब्दावर विसंबून राहावे अशी अपेक्षा कोणी करू नये. जे नोंदले नाही ते घडले नाही, हे कचेरीतले पहिले सूत्र. बदलीबरोबर गाव बदलते, बोली बदलते, दूधवाला बदलतो; हे सूत्र तेवढे बदलत नाही. परंतु खेळासारख्या खेळातही ते इतक्या कसोशीने पाळले जाते, हे आम्हांला काशीच्या मुक्कामात, आणि तेही आमच्याच घरात, पाहावयास मिळाले.

आमचे चिरंजीव संगणकावर ‘स्टारक्राफ्ट’ नावाचा युद्धखेळ खेळतात. हा खेळ १९९८ साली निघाला, आणि त्याचा दुसरा अवतार २०१० साली आला. खनिजे गोळा करावी, तळ उभारावा, सैन्य वाढवावे आणि प्रतिपक्षाचा तळ जमीनदोस्त करावा, असा त्याचा एकूण मामला. खेळाडू आपापल्या घरी बसलेले, एकमेकांपासून शेकडो कोस दूर. सामने मात्र रीतसर साखळी पद्धतीचे. शेजारी पंच उभा नसतो, टाळ्या पिटावयास प्रेक्षक नसतात. मग कोण जिंकले हे कोणाच्या शब्दावरून मानावयाचे? त्यावर त्या मंडळींनी केलेला नियम असा की, सामना संपताच विजयी खेळाडूने त्याची ‘रिप्ले’ फाईल ठरलेल्या मुदतीत संयोजकांकडे जमा करावी. फाईल नाही, तर निकाल नाही. हा नियम ऐकून आम्हांला त्या अपरिचित पोरांविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला.

ही फाईल म्हणजे सामन्याचे चलच्चित्र नव्हे. तीत चित्र एकही नसते. कोणत्या क्षणी कोणत्या खेळाडूने कोणती आज्ञा दिली, त्या आज्ञांची ती क्रमवार यादी असते. फाईल उघडली की संगणक त्याच आरंभापासून त्याच आज्ञा पुन्हा बजावतो, आणि सबंध संग्राम डोळ्यांपुढे नव्याने घडतो. म्हणून अर्ध्या तासाचे युद्ध मोबाईलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनही कमी जागेत मावते. खेळाची आवृत्ती बदलली की मात्र जुनी फाईल नव्या आवृत्तीत चालत नाही. तिच्या काळचीच आवृत्ती लागते. मोडी कागदाला मोडी वाचणारा हवा, त्यातलाच हा प्रकार.

बुद्धिबळाच्या पटावर ही शिस्त जुनीच आहे. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांप्रमाणे उभय खेळाडूंनी चाली लिहावयाच्या, डाव संपल्यावर दोघांनीही दोन्ही कागदांवर निकालाची सही करावयाची, आणि ते कागद संयोजकांच्या स्वाधीन करावयाचे. जिंकल्याच्या कागदावर सही कोणीही आनंदाने करील. या नियमाचे मर्म आहे ते हरणाऱ्याच्या सहीत. आणि त्या सहीने हरणाऱ्याचे नुकसानच होते असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे बॅरिस्टर महेशचंद्र बंदोपाध्याय नावाच्या एका बंगाली ब्राह्मणाशी बुद्धिबळ खेळत असत. महेशचंद्रांनी त्यांतले पुष्कळ डाव गमावले. पण चाली लिहिल्या गेल्या, इंग्लंडातील बुद्धिबळाच्या नियतकालिकात छापल्या गेल्या, आणि विसाव्या शतकात नावारूपाला आलेल्या काही बचावांचे आद्य नमुने अभ्यासकांना या हरलेल्या ब्राह्मणाच्या डावांत सापडले. नोंद नसती तर त्यांचे नावही उरले नसते.

नोंद नसली म्हणजे काय होते, तेही याच परिसरातल्या एका लेखकाने सांगून ठेवले आहे. काशीच्या जवळच लमही नावाचे खेडे आहे. तेथे १८८० साली जन्मलेल्या प्रेमचंदांनी ‘शतरंज के खिलाड़ी’ ही कथा १९२४ साली लिहिली. तिच्यावर सत्यजित राय यांनी १९७७ साली चित्रपटही केला. लखनौची नबाबी बुडत असता तिकडे ढुंकूनही न पाहणारे दोन सरदार कथेच्या अखेरीस चालींच्या वादावरून हातघाईवर येतात आणि तलवारीने एकमेकांचा प्राण घेतात. प्रेमचंदांचा रोख अर्थात दुसरीकडे आहे. पण आमच्यासारख्या कारकुनी वृत्तीच्या वाचकाला राहून राहून वाटते की, त्या दोघांजवळ चालींचा एक साधा कागद असता तर निदान भांडण तरी मिटले असते.

आणि या कागदाची थोरवी सांगणारे पुरुष काशीत आपल्यापैकीच होऊन गेले. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस येऊन राहिले. शिवाजी महाराजांचा १६७४ सालचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. रामेश्वरभट्टांचे पणतू नीलकंठभट्ट. त्यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातल्या ‘व्यवहारमयूखा’त न्यायनिवाड्याचा विचार आहे, मुंबईच्या न्यायालयांत एके काळी त्याचा आधार घेतला जाई, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी तो १९२६ साली संपादून प्रसिद्ध केला. वादात प्रमाण कशाला मानावे, तर लेख, भोगवटा आणि साक्षीदार, ही आपल्या धर्मशास्त्राची परंपरा. मौजेची गोष्ट अशी की, याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूखा’त नीलकंठभट्टांनी बुद्धिबळाच्या खेळाचेही विवेचन केले आहे, आणि पटावरचा घोडा चौसष्ट घरांतून, एकाही घरी दुसऱ्यांदा पाऊल न टाकता, कसा फिरवावा ते सांगितले आहे. तीनशेहून अधिक वर्षांनंतरही ते वाचून कोणी पटावर घोडा फिरवू लागला, तर तो त्याच वाटेने जातो. चिरंजीवांच्या फाईलचे याहून जवळचे पूर्वज आम्हांला ठाऊक नाहीत.

आता या सर्व विचाराला निमित्त झालेली हकीकत सांगतो. गेल्या हंगामात चिरंजीव एक महत्त्वाचा सामना हरले. संघाची पुढची फेरी त्या एका गुणावर अवलंबून होती. जिंकलेला मुलगा दुसऱ्या गावचा. त्या रात्री त्याचा संगणक बिघडला आणि मुदतीत फाईल जमा करणे त्याला अशक्य झाले. नियमाप्रमाणे सामना पुन्हा खेळवावा लागला असता. परंतु फाईल दोघांच्याही यंत्रांत उतरलेली असते. म्हणजे चिरंजीवांच्या पराभवाचा पुरावा आता एका चिरंजीवांपाशीच होता. संघातल्या सोबत्यांनी सल्ला दिला, “गप्प राहा. आपण काही खोटे बोलत नाही.” हा युक्तिवाद कचेऱ्यांतून आम्ही अनेक वेळा ऐकला आहे. त्यात खोटे काहीच नसते, हेच त्यातले भय.

आम्ही दाराशी उभे होतो. काही बोलावे असे फार वाटले, पण बोललो नाही. बापाच्या सांगण्यावरून पाठवलेली फाईल ही बापाची झाली असती. थोडा वेळ पोरगा पडद्याकडे पाहत बसला. मग त्याने फाईल जमा केली आणि म्हणाला, “बाबा, मी हरलो होतो ना? मग पुन्हा कशाला खेळायचे?” संघ स्पर्धेतून बाहेर पडला. दोन सोबत्यांनी आठवडाभर अबोला धरला.

पुढे एका रविवारी त्याने तोच सामना आम्हांला दाखवला. प्रत्यक्ष खेळात प्रतिपक्षाचा प्रदेश काळोखात असतो. आपली माणसे जेथवर पोचतील तेथवरच आपल्याला दिसते. फाईल उघडल्यावर मात्र दोन्ही बाजू उजेडात येतात. ज्या क्षणी आमचे चिरंजीव भिऊन तळाभोवती भिंती बांधीत होते, त्याच क्षणी पलीकडचा मुलगाही तितक्याच धास्तीने भिंती बांधीत होता. “आधीच चाल केली असती तर?” आम्ही विचारले. “तर कदाचित जिंकलो असतो,” तो हसून म्हणाला, आणि चूक झाली होती ती जागा दाखवण्यासाठी त्याने सामना तीन मिनिटे मागे नेला.

आमच्या सेवापुस्तकातही आज्ञांचीच यादी आहे: रुजू झाल्याची, बदलीची, पुन्हा बदलीची. ते उघडून मधले दिवस पुन्हा घडवील असे यंत्र नाही, आणि पलीकडची बाजू त्या वेळी काय करीत होती हे आम्हांला कधी कळणार नाही. त्या पानांवर खाली आमची सही आहे, इतकेच. चिरंजीवांची फाईल पाहिल्यापासून त्या सहीचे मोल आम्हांला थोडे अधिक वाटू लागले आहे.