डाग म्हणावा की डागिना?

आपल्या मराठीत ‘डाग’ या शब्दाची मोठी गंमत आहे. धोतरावर पडला तर तो डाग, आणि गळ्यात घातला तर तोही डागच! जुन्या चांदीच्या रुपयावर वर्षानुवर्षांनी जो रंग चढतो, त्याला यातला कोणता डाग म्हणायचे, हा प्रश्न आमच्या घरी एकदा खरोखरच उभा राहिला.

जुन्या शेतकरी घरांत चार-दोन राणीछाप रुपये बहुधा निघतातच. कुणाच्या देव्हाऱ्यात लक्ष्मी म्हणून, कुणाच्या पेटीच्या तळाशी. कंपनी सरकारने १८३५ साली ठरवलेल्या या रुपयाचे वजन त्या वेळचा एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली तर निकेलचाच रुपया निघाला. म्हणून वडीलधाऱ्या मंडळींनी जुना बंदा रुपया मोडला नाही, गाठीला बांधून ठेवला.

सासूबाई गेल्यावर त्यांची पेटी उघडली, तेव्हा लुगड्याच्या तुकड्यात एकवीस रुपये निघाले. बारा रुपयांना कड्या डाकलेल्या होत्या. कधीकाळी त्यांची माळ असावी. उरलेले नऊ कागदात गुंडाळलेले, एकावर एक कलंडून पडलेले. कागद उलगडला आणि मी पाहतच राहिले. कडेला निळा, त्याच्या आत जांभळा, मग तांबूस, मध्ये फिका पिवळा. जिथे शेजारचा रुपया वर पडला होता तेवढा भाग पांढरा, आणि उघड्या भागावर रंगाची चंद्रकोर!

धाकट्या नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, काळवंडलेत हो. चिंच लावून राखेने घासा, लख्ख होतील. मग सराफाकडे नेऊ.” त्यांचेही खोटे नव्हते. त्या उन्हाळ्यात विहिरीची मोटार जळाली होती, पैशाची नड होती. शिवाय त्यांना आपल्या वाट्यातून नातीला पैंजण करायचे होते.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना नाणी जमवण्याचा नाद. त्यांना बोलावले. त्यांनी रुपया कडेने धरला, उजेडात तिरपा केला आणि म्हणाले, “बाई, हा मळ नाही. घासू नका.”

त्यांनी समजावले ते असे. हवेत गंधकाचा अंश असतो. चुलीच्या धुरात असतो, गोबरगॅसच्या त्या वासात असतो, लोकरीत आणि हलक्या कागदातही असतो. आमच्या माजघराला लागूनच द्राक्षाच्या भुरीसाठी आणलेल्या गंधकाची पोती असत. हा गंधक चांदीला लागला की तिच्यावर एक थर धरतो. केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हणावा इतका पातळ. थराच्या वरून परतणारा उजेड आणि खालच्या चांदीवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतात, तेव्हा काही रंग विझतात, काही खुलतात. रस्त्यावरच्या पाण्यात तेल सांडले की रंग दिसतात ना, तसेच. थर वाढेल तसा रंग बदलतो. आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि फारच वाढला की शेवटी काळा.

मग मी देव्हाऱ्यातला १९०१ चा रुपया आणला आणि पेटीतला त्याच सालचा शेजारी ठेवला. देव्हाऱ्यातला दर दिवाळीला राखेने घासलेला. राणीचे नाक सपाट झालेले, मुकुट जेमतेम ओळखू येणारा. पेटीतल्या राणीच्या मुकुटाची नक्षी जशीच्या तशी. रंगाखाली तिला कुणी हात लावला नव्हता.

गुरुजींनी आणखी एक सांगितले. रंगीत दिसला म्हणून प्रत्येक रुपया मोलाचा नसतो. लबाड लोक गंधकाची धग देऊन दोन दिवसांत रंग चढवतात. खरा रंग एकातून दुसऱ्यात हळूच उतरत जातो; चढवलेला बऱ्याचदा ठिगळासारखा दिसतो. कडी डाकलेला किंवा झिजलेला रुपया मात्र बहुधा वजनावरच जायचा.

तेव्हा कड्यांचे बारा रुपये सराफाकडे वजनावर दिले. मोटारीच्या दुरुस्तीला त्यांचा मोठा हातभार लागला आणि जिने ते साठवले तिचाच ऊस वाचला. उरलेल्या नऊंचे तिघा भावंडांत तीन-तीन वाटे केले. नणंदबाईंनी आपल्यातला एक तिथेच चिंच-राखेने घासला. पाच मिनिटांत निळाई गेली, पांढराफटक रुपया हातात आला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बाकीचे दोन त्यांनी पदराच्या टोकाला बांधले. म्हणाल्या, “पैंजणाचं बघू दुसरं काही.”

घासलेल्या रुपयावर पुन्हा रंग येईलही, पण तो सासूबाईंच्या पेटीतला नसेल. आणि घासताना झिजलेली चांदी तर परत येतच नाही.

तुमच्याही पेटीत असे रुपये असतील तर एवढे करा. हात कोरडे ठेवून कडेने धरा. चांगल्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, एकेक वेगळा ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. तिच्यामुळे कधी कधी हिरवा चिकट थर धरतो आणि तो मात्र खरोखर चांदी खातो. विकायचेच असेल तर आधी जाणत्याला दाखवा, मग तराजूत घाला.

लक्ष्मीपूजनाला आमचे तीन रुपये आता पंचामृतात जात नाहीत. पाकिटासकट पाटावर बसतात, हळदकुंकू शेजारी वाहतो. लक्ष्मीने अजून तरी तक्रार केलेली नाही.